जुनी फियाट, तिच्या जाहिराती आणि तिचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात १९७६ ची फिकट निळी पद्मिनी उभी असते. ती माझी. रविवारी बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत कोणीतरी येऊन उभं राहतंच. पहिला प्रश्न, "काका, विकायची आहे का?" दुसरा, "ॲव्हरेज काय देते?" तिसरा जरा आवाज खाली आणून, बायको ऐकत नाही ना हे बघून, "महिन्याला खाते किती?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. जाहिरात बघून गाडी घ्यायला निघालेल्यांनी आधी हे वाचावं.

फियाट आणि पद्मिनी या दोन वेगळ्या गाड्या का?

गाडी एकच, नावं अनेक. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकात फियाट ११०० आली, १९६४ च्या सुमारास तिचंच पुढचं रूप ११००डी आलं. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटचं नाव लावायचा परवाना संपला, तेव्हा ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी. आत तेच १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवरचं. कंपनीने नाव बदललं, लोकांनी नाही बदललं. शेवटची पद्मिनी कुर्ल्याहून बाहेर पडली तरी लोक तिला फियाटच म्हणत होते. आता कारखाना नाही, पण कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव अजून चालतं.

मग 'डुक्कर फियाट' कोणती?

११००डी च्या आधीची, पन्नासच्या दशकातली गोलमटोल. नाक फुगीर आणि अंग गुबगुबीत, म्हणून हे नाव पडलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला असते. जाहिरातीत कोणी पद्मिनीलाच 'डुक्कर फियाट' म्हणून जास्त भाव सांगत असेल तर एवढंच विचारा, "पुढचा दरवाजा कुठून उघडतो?"

जाहिरातीत 'व्हिंटेज' लिहिलंय. याचा अर्थ काय धरायचा?

ते कोण म्हणतंय त्यावर आहे. इंग्लंडातल्या जुन्या क्लबांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९३० पर्यंतच्या गाड्या, त्यापुढे काही नाही. आपल्याकडच्या विम्याच्या जुन्या दरपत्रकात १९४० अखेरपर्यंत बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली गाडी व्हिंटेज. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली कोणतीही दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज. आणि विकणाऱ्याच्या हिशेबात क्रोमचा बंपर असलेली कुठलीही गाडी व्हिंटेज.

पहिल्या दोन व्याख्यांत आपली फियाट कधीच बसणार नाही. तिसरीत माझी २०२६ मध्ये बसते. चौथीत ती गेली वीस वर्षं बसतेच आहे. तेव्हा त्या शब्दासाठी एक रुपयाही जादा देऊ नका. पैसे पत्र्याचे द्या आणि कागदांचे द्या.

त्या काळी कंपनीच्या जाहिराती कशा असायच्या?

अमेरिकेत त्या काळी जाहिरातीला खरोखर गाडी विकावी लागत होती. फोक्सवॅगनने १९५९ साली पांढऱ्या कोऱ्या पानावर एवढीशी बीटल छापून लहान असण्याचंच कौतुक केलं. त्याच्या आदल्या वर्षी डेव्हिड ओगिल्वींनी रोल्स रॉइससाठी लिहिलं, की ताशी साठ मैलांना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. (माझ्या गाडीत घड्याळ नाही. बाकी सगळ्याचा आवाज येतो.)

आपल्याकडे गणित उलटं होतं. बाहेरून गाड्या आणायला बंदी, देशात बनवणारे दोन-तीन, आणि पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट. वाटप आणि विक्रीवर १९५९ चा सरकारी आदेश होता. किंमतसुद्धा सरकार ठरवायचं, त्यावरून प्रीमियर विरुद्ध केंद्र सरकार असा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रांग दाराबाहेर उभी असताना गिऱ्हाइकाची मनधरणी कोण करणार? म्हणून त्या काळच्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत मोटारीशी संबंधित जाहिराती शोधाल तर टायर, बॅटरी, इंजिन ऑइल, स्पार्क प्लग यांच्याच अधिक सापडतील. गाडी मिळणं नशिबात होतं, ती टिकवणं हातात होतं, आणि धंदा टिकवण्यावर चालायचा. मला त्या काळातलं हेच सर्वांत खरं वाटतं. आमच्या वडिलांच्या पिढीने एकेक गाडी पंचवीस वर्षं चालवली ती हौस म्हणून नव्हे.

किंमत काय होती त्याचा अंदाज हवा असेल तर लालबहादूर शास्त्रींची गोष्ट प्रसिद्ध आहे. पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली ती बारा हजारांना. जवळ सात हजार होते. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं, आणि त्यांच्यामागे ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे.

जुनी जाहिरात समोर ठेवून गाडी मूळ रूपात आणता येईल का?

रंगासाठी, आसनांच्या कापडाच्या नमुन्यासाठी, चाकावरच्या कपाचा आकार बघायला, जाळी कोणत्या वर्षी कशी होती ते ताडायला जाहिरात फार उपयोगी आहे. मापासाठी मात्र अजिबात नाही. त्या काळी बहुतेक चित्रं हाताने रंगवलेली असत आणि चित्रकार बिनदिक्कत गाडी ताणत. अमेरिकेत आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीने १९५९ पासून साठच्या दशकभर पाँटियाकच्या जाहिराती रंगवल्या. त्यांत गाडी पानभर रुंद आणि शेजारची माणसं सडपातळ. हा कित्ता जगभर गिरवला गेला. रंगसुद्धा छापखान्याच्या शाईचा असतो आणि वर पन्नास वर्षांचा पिवळेपणा चढलेला. खरा मूळ रंग बघायचा तर डॅशबोर्डच्या आतली बाजू, डिकीच्या झाकणाखालचा कोपरा किंवा दाराच्या पॅडमागचा पत्रा बघा. तिथे ऊन लागलेलं नसतं आणि पेंटरचा हातही पोचलेला नसतो.

जुन्या मासिकातलं जाहिरातीचं पान फ्रेम करायला घेऊ का?

घ्या, पण पान उलटून बघा. खऱ्या पानाच्या मागे कथेचा तुकडा किंवा दुसरी जाहिरात असतेच. मागची बाजू कोरी असेल तर ती नवी छपाई. भिंगातून पाहिलं तर जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ओळीने बसलेले दिसतात. मात्र अख्खा अंक चांगला असेल तर तो फाडून पान विकणाऱ्याकडून घेऊ नका, एवढी विनंती.

विक्रीची जाहिरात वाचायची कशी?

यावर मी तासभर बोलू शकतो, पण थोडक्यात सांगतो. जाहिरात लिहिणारा सहसा खोटं बोलत नाही. तो गाळतो.

'रनिंग कंडिशन' म्हणजे ढकलून का होईना, सुरू होते. ब्रेकचा उल्लेख नाही हे लक्षात घ्या. 'इंजिनचं काम नुकतंच केलं' असं असेल तर बिल मागा. रिबोअर केलं की नुसत्या रिंगा बदलल्या, क्रँक ग्राइंड केला का, हेड फेसिंग झालं का, यातला फरक हजारांचा आहे. 'थोडं टिंकरिंग काम बाकी' हे वाक्य दिसलं की मी जाहिरात बंद करतो. पत्रा सडायला एकदा लागला की तो थोडा नसतो. 'ओरिजिनल पेंट' असेल तर आनंद आहे, पण खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. फ्रिजवर लावतो तसलं चालेल, वर पातळ फडकं गुंडाळून. दरवाजाचा खालचा भाग, चाकावरची कमान, पायऱ्यांखालची पट्टी, डिकीचा तळ यांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुटी भरलेली आहे. पायाखालची मॅट उचला. बॅटरीखालचा ट्रे बघा.

'सिंगल ओनर', 'डॉक्टरची गाडी', आणि मुंबईचा खास शब्द 'पारशी ओनर'. म्हणजे गाडी जपलेली असणार असं सुचवायचं असतं. पारशी बाबांनी गाड्या जपल्या यात वाद नाही. पण ज्यांनी जपल्या त्यांनी बहुतेक विकल्याच नाहीत, आणि विकल्या त्या जाहिरात न देता, ओळखीत. पुन्हा, आरसी बुकावर मालकाचा अनुक्रमांक असतो, तो बघितला की आडनावाची गरज उरत नाही.

आणि फोटो. ओल्या गाडीचा फोटो कधी खरा धरू नका. पाणी मारलं की मेलेला रंगही चमकतो.

टॅक्सीची गाडी खासगी म्हणून विकतात हे खरं का?

विकतात. एके काळी मुंबईत या गाडीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या हजारोंनी होत्या. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. दिवसरात्र पळालेल्या त्या गाड्यांची अंगं आणि सुटे भाग कुठे कुठे पोचले आहेत. ओळखायचं तर छताच्या कडेचं रबर थोडं उचला, आत पिवळा दिसतो का बघा. मीटर बाहेर डाव्या हाताला बसवलेला असायचा, तिथल्या पत्र्याला बुजवलेली भोकं असतात. डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांच्या खुणा राहतात. टॅक्सीचे भाग वापरण्यात वाईट काही नाही, माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल तसाच आहे. फक्त भाव टॅक्सीचा द्यावा.

'कागद क्लिअर' म्हणजे कागद क्लिअर असतात का?

मी हे दोन शब्द वाचून गाडी घेतली. आरसी, विमा, पीयूसी, सगळं होतं. फक्त चेसिस नंबरातला एक आकडा आरसीवर वेगळा होता. तीनच्या जागी आठ. कधी काळी कोणा कारकुनाने जुन्या वहीतून उतरवताना चूक केलेली. ती दुरुस्त करायला मला सात महिने लागले. एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून पहिल्यात, आणि प्रत्येक खेपेला 'मूळ रजिस्टर सापडत नाही'. गाडी तोवर झाडाखाली.

म्हणून पैसे देण्याआधी पांढरा कागद चेसिस नंबरावर धरून पेन्सिल घासा, छाप घ्या, आणि आरसीशी एकेक अक्षर ताडा. इंजिन नंबरही. मग परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. फार जुन्या गाड्या तिथे दिसतच नाहीत, कारण त्यांची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढवणं, झालेली नसते. ती मूळ आरटीओतूनच करून घ्यावी लागते, आणि हे काम विकणाऱ्याच्या गळ्यात घालावं. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र लागेल. बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली की मजाच मजा.

जुना तीन अक्षरी नंबर, म्हणजे एमएच-०१ पद्धत येण्याआधीचा, असेल तर सांभाळा. हाय सिक्युरिटी प्लेट लावावी लागली तरी नंबर तोच राहतो. चारचाकीला महाराष्ट्रात ठरलेला दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे, त्याहून जास्त मागणारा मधला माणूस आहे असं समजा.

एकूण खर्च किती येतो? गोल गोल सांगू नका.

नाही सांगत. माझी वही समोर आहे. ही एका गाडीची गोष्ट आहे, दर म्हणून धरू नका.

गाडी घेतली १ लाख ४० हजारांना. पहिल्या दोन वर्षांत वर घातले २ लाख ३५ हजार. त्यात पत्रा आणि रंग १ लाख १० हजार, इंजिन ४८ हजार, ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शन मिळून २७ हजार, आसनं आणि आतलं कापड २० हजार, टायर-ट्यूब १६ हजार, वायरिंग १४ हजार. म्हणजे जाहिरातीतली किंमत एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांच्याही आत. यात सात महिन्यांच्या चकरांचा रिक्षाखर्च धरलेला नाही.

त्यानंतर वर्षाला तीस-पस्तीस हजार. पेट्रोल त्यात सर्वांत कमी बोचतं. शहरात लिटरला अकरा किलोमीटर मिळतात, महिन्याला मी दीडशेच्या आसपास चालवतो, लिटर १०४ रुपये धरला तर चौदाशे-साडेचौदाशे. खरे पैसे जातात ते अशा गोष्टींवर ज्या गाडी उभी राहिल्याने बिघडतात. बॅटरी उतरते. व्हील सिलिंडर गंजून ब्रेक धरून ठेवतात. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर बसतो. उंदीर वायरी खातात. चालणारी जुनी गाडी स्वस्त पडते, जपून ठेवलेली महाग.

आणि जो खर्च वहीत येत नाही तो जागेचा. ठाण्या-मुंबईत झाकलेली जागा नसेल तर पुढचे प्रश्न वाचू नका, आधी जागा बघा.

मजुरी जास्त की पार्ट?

मजुरी. आणि ती मिळाली तर नशीब. या गाडीचा कॉन्टॅक्ट पॉइंट कानाने लावणारा, टॅपेट सेट करणारा, हँड गिअरच्या (स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या) दांड्यांचे बुश बदलून पुन्हा जुळवणारा मिस्त्री आता साठीचा आहे. त्याचा मुलगा स्कॅनर लावून काम करतो, आणि आमच्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. गाडी पसंत करण्याआधी मिस्त्री पसंत करा आणि त्यालाच गाडी दाखवायला न्या. त्याची दिवसाची मजुरी आधीच द्या, म्हणजे तो 'घेऊ नका' म्हणायला मोकळा राहतो.

पार्ट मिळतात का?

पद्मिनीचे, बऱ्यापैकी. गाडी दशकानुदशकं बनली आणि टॅक्सीत चालली, त्याचा हा फायदा. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूची जुनी स्पेअर पार्टची दुकानं, कुर्ल्यात सीएसटी रोडचा भंगार बाजार, चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. ब्रेक शू, क्लच प्लेट, वॉटर पंप, किंगपिन असल्या झिजणाऱ्या वस्तू मिळतात. मिळत नाहीत त्या सजावटीच्या वस्तू: क्रोमच्या पट्ट्या, मूळ काच, मीटरची तबकडी, दाराची हँडलं. म्हणून घेताना इंजिन मेलेलं चालेल, पण क्रोम पूर्ण असलेली गाडी घ्या. नवखा माणूस नेमकं उलटं करतो.

डुक्कर फियाटचं काही मिळत नाही, तिथे बनवून घ्यावं लागतं. आमच्या ओळखीत एकाने कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना देऊन भाग ओतून आणि लेथवर उतरवून आणला. कोल्हापूरकरांना जुनी गाडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. छत्रपतींची १९३६ ची मेबॅक दसऱ्याला ते बघतातच.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते ना?

महाराष्ट्रात खासगी गाडीला नाही. हा गोंधळ दिल्लीच्या बातम्यांमुळे होतो. इथे पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करायचं. आम्ही त्याला पासिंगच म्हणतो.

पण त्याची फी बघा. माझी गाडी २०२१ मध्ये पास झाली तेव्हा शुल्क ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केलं. त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर, पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचे ३,००० रुपये. तपासणीचं शुल्क वेगळं. मुदत चुकवलीत तर महिन्याला ५०० चा दंड चढत जातो, म्हणून बंद पडलेली 'स्वस्त' गाडी घेताना आरसीची मुदत कधी संपली ते बघून गुणाकार करा. जाहिरातीत तो आकडा नसतो.

मग पन्नास वर्षं झाल्यावर व्हिंटेज नंबर घ्यावा का?

२०२१ च्या नियमांनी 'व्हीए' अक्षरं असलेली वेगळी मालिका आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण ५,०००. ज्यांची आधीची नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. कागदावर सोपं दिसतं. मेख अशी की व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच.

तीसच्या दशकातली ब्यूक किंवा कागद हरवलेली गाडी असेल तर हा मार्ग उत्तम. मी मात्र रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ खायला गाडी नेतो. ती रॅली आहे असं पोलिसाला पटवणं मला जमणार नाही. मी १०,००० भरून साध्या नोंदणीवरच राहणार.

विमा?

थर्ड पार्टी तर हवाच. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा दर ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे चार हजारांच्या आसपास. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला थर्ड पार्टीत निम्मी सूट आहे. स्वतःच्या नुकसानीचा विमा मिळवणं अवघड. इतक्या जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनीने आपसात ठरवायची असते. फोटो, बिलं, क्लबचा दाखला घेऊन गेलात तर ते बोलायला बसतात.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुनं इंजिन खराब होईल का?

इंजिनच्या आधी रबर खराब होतं. पेट्रोल पंपाचा पडदा, पाइप, कार्बोरेटरची पॅकिंग हे सगळं इथेनॉल गृहीत धरून बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मग चिरतं, मग गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल टपकतं. हा पैशाचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे. सर्व रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, दर सहा महिन्यांनी हाताने दाबून बघा, आणि गाडीत छोटं अग्निशामक ठेवा. मी सीटखाली ठेवतो.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी पत्र्याची. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं तर तळाला गंज धरतो. तिसरं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी आणि ऑक्सिजन जास्त, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि गाडी धक्के मारते. मिस्त्रीने माझ्या सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा केला, धक्के गेले. मग पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत राहतो ना ते मात्र बघावं लागलं.

शिशाचा प्रश्न जुना झाला. शिसं घातलेलं पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० पासून बंद आहे. त्यानंतर ज्या गाडीचं हेड एकदाही उघडलेलं नाही, तिच्या व्हॉल्व्ह सीट मात्र तपासून घ्या.

घाटात तापते का?

तापते. त्याहून त्रासदायक म्हणजे पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि गाडी उतारावर नाही, चढावरच बंद पडते. उपाय तोच, आजोबांच्या काळचा: पंपावर ओलं फडकं आणि पंधरा मिनिटं धीर. लहानपणी बोरघाटात अमृतांजन पुलाजवळ बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटींची रांग मी पाहिली आहे. त्या ब्रिटिशकालीन पुलाचं नावच त्यावर रंगवलेल्या जाहिरातीवरून पडलं होतं. गाडी तापलेली, बाबांचं डोकं तापलेलं, आणि समोर डोकेदुखीचा बाम. याहून नेमक्या जागी लावलेली जाहिरात मी पाहिली नाही. एप्रिल २०२० मध्ये तो पूल पाडला.

पावसाळ्यात काय करायचं?

प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो आणि पत्रा सडतो. सुती कव्हर आणि वर छप्पर. टाकी रिकामी ठेवू नका. बॅटरीची एक तार काढा. हँडब्रेक लावू नका, चाकाला दगड लावा. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून दहा किलोमीटर चालवा, जागेवर घरघरवून उपयोग नाही. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. हे पाच मिनिटांचं काम लाखभर रुपयांचा पत्रा वाचवतं.

रोज ऑफिसला नेता येईल?

येईल, पण घोडबंदर रोडवर नाही. ब्रेक चारही ड्रमचे, लाइन एकच, समोर अचानक एसयूव्ही थांबली तर आपली थांबेलच असं नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही. सिग्नलच्या रांगेत इंच इंच सरकताना याचा अर्थ कळतो. पुढे सीटबेल्ट मात्र लावून घ्या, मूळ गाडीत नसले तरी.

एसी किंवा खालचा (जमिनीवरचा) गिअर बसवून घेऊ का?

गाडी तुमची आहे. शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींना कंपनीनेच खालचा गिअर दिला होता. पण काढलेला प्रत्येक भाग खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. उद्या तुम्हाला नाही तर तुमच्याकडून घेणाऱ्याला तो लागेल.

लग्नाला, शूटिंगला भाड्याने देऊन खर्च निघतो का?

खासगी नोंदणीची गाडी परमिटशिवाय भाड्याने देणं कायद्यात बसत नाही, आणि व्हीए नंबरवर तर व्यावसायिक वापर बंदच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. भाच्याच्या लग्नात वरातीला दिली ती गोष्ट वेगळी. तिथे पैसे मिळाले नाहीत, मागच्या सीटवर हळदीचे डाग मिळाले.

काका, पण विकायची आहे का?

नाही. पण परवा एकाने फारच गळ घातली, म्हणून सराव म्हणून जाहिरात लिहून बघितली:

'विकणे आहे. प्रीमियर पद्मिनी १९७६, पेट्रोल, हँड गिअर. आरसीवर चौथा मालक. चेसिस नंबर आरसीशी जुळतो, खात्री करून घ्यावी. रंग नवा, मूळ छटेच्या जवळचा. डाव्या मागच्या दाराखाली लांबी आहे, चुंबक आणावा. मागचा ॲक्सल टॅक्सीचा. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली जात नाही. दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात जाताना ओरडते, चूक चालवणाऱ्याची. मागच्या सीटवर हळदीचे डाग. मिस्त्रीचा फोन गाडीसोबत मिळेल.'

बायकोने वाचली आणि म्हणाली, हे वाचून कोणी फिरकणार नाही. मी म्हटलं, चालेल.